वेगळा काढलेला दाणा जातो कुठे?

दिवाळी झाली की आमच्या अंगणात दोन-तीन दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम चालतं. गाव अमळनेर तालुक्यातलं. माय सूप घेऊन बसते आणि बघता बघता तिच्यापुढे तीन ढीग होतात. पहिला टपोऱ्या गुलाबी दाण्यांचा, तो वर्षभराच्या कुटाला. दुसरा फुटक्या, अर्धुकल्या दाण्यांचा, तो आठवडाभरात चटणीत संपवायचा. तिसरा ढीग लहानच असतो, वाटीभर. सुरकुतलेले दाणे, काळपट पडलेले दाणे, आणि काही दाण्यांच्या सालीवर हिरवट-पिवळी भुकटी बसलेली. दाणा चिमटीत धरला की ती भुकटी बोटाला लागते.

मी म्हटलं, हे टाकून देते. माय म्हणाली, "फेकानं काय काम? कोंबड्या खाई लेतीस."

मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि काही वर्षं धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. तरीही त्या क्षणी मला मायला दोन वाक्यांत समजावता आलं नाही. तिचं निवडणं अगदी बरोबर होतं. कुठल्याही यंत्रापेक्षा तिचा डोळा बारीक आहे. चूक होती ती फक्त एवढ्यात, की वाईट दाणा घरातून गेला म्हणजे प्रश्न संपला असं आपण सगळेच धरून चालतो. तो दाणा कुठे जातो आणि कुठल्या वाटेने परत येतो, हे तिला मी नंतर दोन-तीन संध्याकाळी बसून सांगितलं. तेच इथे लिहिते आहे.

आधी बुरशी आणि बुरशीचं विष या दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. बुरशी हा जीव आहे. तिला ओल लागते, ऊब लागते, खायला दाणा लागतो. दाण्यात वाढताना काही जातींच्या बुरशा एक रसायन तयार करतात आणि ते दाण्यातच सोडतात. बुरशी उन्हाने मरते, झटकली तर निघते, धुतली तर दिसेनाशी होते. रसायन मात्र दाण्याच्या आत मुरलेलं राहतं. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून "ऊन दाखाडं का जास बुरशी" हे आमच्या नानांचं म्हणणं खरं आहे आणि तरीही अपुरं आहे. ऊन दाखवल्याने बुरशी जाते. तोवर तिने आत सोडलेलं विष जात नाही.

या विषांमध्ये सर्वांत कुप्रसिद्ध अफ्लाटॉक्सिन. त्याचा शोध लागला तो टर्की पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग ओळखू येईना, म्हणून त्याला अज्ञात या अर्थाने 'टर्की एक्स' म्हणू लागले. शोधता शोधता धागा पोचला पक्ष्यांच्या खाद्यापर्यंत, आणि त्या खाद्यात होती ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. पेंडीत सापडली अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी. अॅस्परजिलसचा 'अ', फ्लेव्हसचा 'फ्ला' आणि पुढे विष या अर्थाचा 'टॉक्सिन' जोडून नाव झालं अफ्लाटॉक्सिन. मायच्या तिसऱ्या ढिगातली हिरवट-पिवळी भुकटी बहुतेक वेळा याच बुरशीची असते. ही गोष्ट सांगितल्यावर कोंबड्यांबद्दल मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. पाखरांना हे विष लवकर बाधतं, आणि बदकाच्या पिलांना तर सगळ्यांत आधी.

यानंतर माझ्याकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे, आपण तर सगळं भाजून, शिजवून खातो, मग? दाणे खमंग भाजतो, भाकरी तव्यावरून थेट आरावर टाकतो. अडचण अशी की अफ्लाटॉक्सिन पूर्ण मोडायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. उकळत्या पाण्याची उष्णता शंभर अंश. भाकरी बाहेरून करपली तरी तिच्या आतल्या ओल्या भागात उष्णता शंभरच्या वर फारशी जात नाही. दाणे भाजल्याने विष थोडं कमी होतं, पण संपत नाही. म्हणजे चुलीवर भरवसा ठेवून हा प्रश्न सुटत नाही. तो खळ्यावर सुटतो, नाहीतर कोठीत.

किती विष म्हणजे जास्त? आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने धान्य आणि कडधान्यांसाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं बघा. दहा टन मक्याने भरलेली एक ट्रक घ्या. त्या सगळ्या मक्यात मिळून दीडशे मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन असलं की ट्रक मर्यादेला टेकली. दीडशे मिलिग्रॅम म्हणजे मिठाची अगदी छोटी चिमूट.

आता याची दुसरी बाजू, जी मला स्वतःला प्रयोगशाळेत गेल्यावरच कळली. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजार दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्या दाण्यात ते ठासून भरलेलं असतं. शेंगदाण्याच्या एकेका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने विष सापडल्याची नोंद आहे. अर्ध्या ग्रॅमहून हलका असा एक दाणा पंचवीसेक किलो निर्दोष शेंगदाण्यांना एकटा मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. त्यामुळे पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे काढले आणि अहवाल चांगला आला, तर त्या अहवालाला फारसा अर्थ नसतो. तो दाणा मुठीत आलाच नसेल. नमुना पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी, अनेक पोत्यांतून घ्यावा लागतो, एकत्र करून दळावा लागतो आणि मग तपासावा लागतो. आमचं निम्मं काम तपासणीचं नव्हतंच, नमुना नीट घेण्याचं होतं.

पण याच गोष्टीत घरच्या माणसासाठी मोठा दिलासाही आहे. विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं आणि ते दाणे बहुधा सुरकुतलेले, रंग बदललेले, भेगाळलेले किंवा किडलेले असतात. मग ते निवडून बाजूला काढणं हा सगळ्यांत स्वस्त आणि खरोखर परिणामकारक उपाय ठरतो. मायचं सूप आणि तिचे डोळे घरातलं बरंचसं विष बाहेर काढतात. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा. कडवटपणा खवटपणामुळेही असू शकतो, पण ते ठरवायला तोंड ही जागा नव्हे.

हे विष माणसाला काय करतं, हे सांगताना १९७४ सालाकडे जावंच लागतं. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या शेजारशेजारच्या जिल्ह्यांत त्या वर्षी मका काढणीला आला असताना अवेळी पाऊस झाला. लोक मुख्यतः भिल्ल, खाणं मुख्यतः मक्याचं, आणि घरात साठवलेला मका ओला. काही आठवड्यांत माणसं पिवळी पडू लागली, पोटात पाणी होऊन पोटं फुगू लागली. दीडशेहून अधिक गावांत हा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. कावीळ साथीची म्हणावी तर एक गोष्ट जुळेना: त्या घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडून मरत होती. घरातलं उरलेलं अन्न तीच खात होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मका तपासला, तेव्हा किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट. ज्या घरांत खायला दुसरं धान्य होतं, ती घरं वाचली.

मला ही घटना आपल्यापासून लांबची वाटत नाही. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर तेच भिल्ल आणि पावरा लोक राहतात, तोच मका आणि ज्वारी खातात, तसंच पाऊस लांबला की धान्य घरात ओलं येतं. २००४ साली केनियातही मक्यामुळे असंच झालं आणि सव्वाशे माणसं गेली. तीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, त्याच कारणाने.

असे उद्रेक क्वचित होतात. रोजचं नुकसान संथ असतं आणि म्हणूनच दिसत नाही. अफ्लाटॉक्सिन पोटातून यकृतात जातं. यकृताचं काम शरीरात आलेलं नको ते मोडून बाहेर टाकायचं. पण हे विष मोडताना मधल्या टप्प्यावर जो तुकडा तयार होतो तो मूळ विषाहून घातक असतो आणि पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं हे चालू राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात ठेवलंय, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात. ज्याला हेपॅटायटिस बी ची लागण आहे, त्याच्यात हा धोका कितीतरी पट वाढतो, कारण दोघांचा मारा एकाच यकृतावर. म्हणून बाळाला जन्मतः दिली जाणारी हेपॅटायटिस बी ची लस ही अफ्लाटॉक्सिनविरुद्धचीही ढाल आहे. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. लहान मुलांची वाढ खुंटण्याशीही या विषाचा संबंध पश्चिम आफ्रिकेतल्या अभ्यासांत दिसलेला आहे.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. ही बुरशी खान्देशात इतकी का फोफावते?

ती जमिनीतच असते, बाहेरून येत नाही. तिला भुईमुगात शिरायला सगळ्यांत सोयीचा काळ म्हणजे शेंगा भरताना पडलेला ताण. पाऊस ओढ देतो, जमीन तापते, झाड दमतं, शेंगेला बारीक भेगा पडतात, हुमणी आणि वाळवी शेंगा पोखरतात, आणि बुरशी आत जाते. म्हणजे काढणीआधीच बी पेरलं गेलेलं असतं. शक्य असेल तिथे शेवटच्या तीन-चार आठवड्यांत एक-दोन पाणी देणं, आऱ्या (फुलातून निघून जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम टाकून शेंगेचं टरफल मजबूत होऊ देणं आणि शेंगा पक्व झाल्या की वेळेवर काढणं यासाठीच महत्त्वाचं. मक्यात हेच काम अळी करते. २०१८ पासून आपल्याकडे आलेली लष्करी अळी कणसात शिरली की तिच्या मागोमाग बुरशीला वाट मिळते. शेंड्याकडून कुरतडलेली बिट्टी, म्हणजे मक्याचं कणीस, सोलून बघा, दाण्यांच्या ओळींत हिरवट किंवा पांढरट-गुलाबी जाळं दिसेल.

मग येतो काढणीनंतरचा काळ, आणि खरा खेळ तिथे आहे. मक्याची बिट्टी काढताना दाण्यात वीस ते पंचवीस टक्के ओलावा असू शकतो. साठवायला तो बारा-तेरा टक्क्यांवर यावा लागतो, भुईमुगाच्या शेंगांत आठ-नऊवर. या दोन आकड्यांमधलं अंतर किती दिवसांत कापलं जातं यावर सगळं ठरतं. पंचवीस ते पस्तीस अंश तापमान आणि ओला दाणा, एवढं मिळालं की बुरशी दोन दिवसांत कामाला लागते. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात ताडपत्रीखाली झाकलेला ओल्या मक्याचा ढीग म्हणजे तिच्यासाठी उबवणी यंत्रच. पाऊस येईल म्हणून ढीग झाकला, पाऊस आला नाही, आणि आपण तो दोन दिवस तसाच ठेवला, हे मी माझ्या घरी पाहिलंय. ताडपत्री उचलली तर आतून वाफ आली. हात घातला तर ढीग गरम. ती उष्णता दाण्याच्या आणि बुरशीच्या श्वासाची असते.

म्हणून ढीग न लावता पातळ पसरा. मातीवर टाकू नका, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर टाका, दर दोन तासांनी फिरवा, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाका आणि सकाळी लगेच उघडा. भुईमुगाची झाडं उपटल्यावर पाला खाली आणि शेंगा वर अशी उलटी मांडली तर शेंगांना मोकळी हवा मिळते. पाला वर राहिला की त्याच्या सावलीत शेंगा ओल्याच राहतात. एवढीशी गोष्ट, पण दोन दिवसांचा फरक पडतो.

दाणा वाळला की नाही हे ओळखायला मॉइश्चर मीटर असेल तर उत्तमच. नसेल तर मिठाची बाटली आहे. नानांना मी ती करून दाखवली. काचेची कोरडी, झाकणाची बाटली घ्यायची. उन्हात किंवा तव्यावर चांगलं कोरडं केलेलं बारीक मीठ त्यात दोन-तीन चमचे टाकायचं. त्यावर अर्धी बाटली भरेल इतका मका. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायची आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. मीठ बाटलीच्या काचेला चिकटलं तर ओलावा साधारण पंधरा टक्क्यांच्या वर आहे, धान्य भरायचं नाही. मीठ तळाशी मोकळं पडलं तर ओलावा पंधराच्या खाली आलाय. नानांच्या बाटलीला मीठ असं चिकटलं की आतला मका दिसेना. आठ दिवस उन्हात वाळवलेला मका होता तो, त्यांच्या हिशेबाने. मग विचारलं तेव्हा कळलं, आठांतले तीन दिवस आभाळ होतं.

मिठाची बाटली वरची हद्द सांगते, बाराचा आकडा सांगत नाही. म्हणून मीठ मोकळं पडल्यावरही मी एक-दोन उन्हं जास्त द्यायला सांगते. शेंगेसाठी तर ही बाटली उपयोगाची नाही. शेंग कानाशी धरून हलवली तर दाणा खुळखुळला पाहिजे, दाण्याची साल चोळली तर सुटली पाहिजे, आणि दाताखाली दाणा वाकण्याऐवजी कट्कन तुटला पाहिजे.

आता एक सवय, जिच्याबद्दल मला मनापासून राग येतो. शेंगा यंत्रातून फोडताना दाणे फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारतात. काही ठिकाणी वजन वाढावं म्हणूनही मारतात. महिनाभर घाम गाळून वाळवलेल्या शेंगेला तासाभरात पुन्हा ओली करायची आणि तशीच पोत्यात भरायची. शेतात नसेल एवढी बुरशी त्या पोत्यात येते. दाणे थोडे फुटले तर भाव थोडा कमी मिळेल. पाणी मारलेला माल मात्र खाणाऱ्याच्या यकृतावर जातो. हे थांबलं पाहिजे, आणि ते शेतकऱ्याआधी खरेदीदाराच्या हातात आहे.

साठवण हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय, इथे थोडक्यात. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या हव्यात. पत्र्याच्या कोठीत गरम धान्य भरलं की रात्री पत्रा थंड पडून झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो, म्हणून धान्य निवल्यावर भरावं. हवाबंद पिशव्या चांगल्या असतात, कारण आतला प्राणवायू संपला की किडा आणि बुरशी दोन्ही थांबतात, पण त्यात ओलं धान्य भरलं तर पिशवी काही जादू करत नाही.

ज्वारीकडे वळते, कारण आपलं पोट ज्वारीवर आहे. खरिपाची संकरित ज्वारी दाण्यात आली आणि परतीचा पाऊस लागला की कणसं काळी पडतात. काळ्या ज्वारीत फ्युजेरियम जातीची बुरशी असू शकते आणि ती फ्युमोनिसिन नावाचं दुसरं विष तयार करते. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि आंध्रातल्या काही गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. तपासात फ्युमोनिसिन सापडलं. कोणी दगावलं नाही, पण कारण कळायला प्रयोगशाळा लागली.

आपल्या आजे-पणज्यांनी दादर ज्वारी का धरून ठेवली असेल, याचा मी या निमित्ताने पुष्कळ विचार केला. दादर रब्बीची. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओलीवर येते आणि तिचा दाणा भरतो कोरड्या हवेत. पाऊस संपलेला, दव कमी होत चाललेलं, कणीस कोरडं. तिला काळी पडायची संधीच मिळत नाही. दादरची भाकरी गोड लागते म्हणून आपण ती खातो, आणि ती तशी लागतेच. पण तिच्या वेळापत्रकात सुरक्षितताही आहे. उतारा कमी येतो म्हणून तिचं क्षेत्र आटत चाललंय, याचं मला वाईट वाटतं.

बाजरीत अरगट नावाचा बुरशीचा रोग असतो. फुलोऱ्यात ढगाळ, ओली हवा राहिली की कणसातून आधी मधासारखा चिकट स्राव गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट कठीण गाठी होतात. त्या दळणात गेल्या तर मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी येते. याला मात्र फार सोपा तोड आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं आणि बाजरी त्यात टाकायची. अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे तरंगतात, ते काढून जाळायचे. तळाशी बसलेली बाजरी दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुऊन वाळवायची. शेतकरी बियाण्याला हे करतातच.

मिरचीबद्दल लिहिलं नाही तर नंदुरबारचे वाचक रागावतील. ओली लाल मिरची पथारीवर पसरून वाळवण्याचं तिथलं काम डोळे दिपवणारं असतं, आणि एका अवकाळी पावसाने पथारीच्या पथारी पांढऱ्या पडतात. मिरचीतही अफ्लाटॉक्सिन होतं. देठाशी मोडून बघावं, आत राखाडी जाळी असेल तर ती मिरची मसाल्याच्या डंकावर नेऊ नये. बुरसट खोबऱ्याचंही तेच. काळ्या मसाल्यात भाजून घातलं तरी ते बुरसटच.

आता पुन्हा तिसऱ्या ढिगाकडे.

घरातला तिसरा ढीग वाटीभर असतो. व्यापाराच्या ठिकाणी तो पोत्यांनी असतो. निर्यातीचा शेंगदाणा निवडताना डागी दाणे बाजूला पडतात. युरोपची मर्यादा आपल्याहून बरीच कडक आहे, थेट खायच्या शेंगदाण्यासाठी किलोमागे चार मायक्रोग्रॅम. त्यात न बसलेला माल जाळला जात नाही. तो कमी भावाने विकला जातो. काही तेलघाण्यावर जातो, काही स्वस्त चटणी-कुटात दळून जातो, जिथे त्याचा रंग दिसत नाही. म्हणून मी दळलेला कूट विकत घेत नाही. दाणे घेते, निवडते आणि घरी कुटते. गरीब माणसाला हा पर्याय बहुतेक वेळा नसतो, आणि सगळ्यांत वाईट माल सगळ्यांत स्वस्त म्हणून त्याच्याच ताटात पोचतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत अन्यायाची बाब हीच.

घाण्यावर गेलेल्या दाण्याचं तेल निघतं. विष तेलात थोडं उतरतं, बहुतांश पेंडीतच राहतं. रिफाइंड तेलात शुद्धीकरणाच्या टप्प्यांवर तेही जवळपास निघून जातं. लाकडी घाण्याचं तेल आरोग्यदायी म्हणून घेणाऱ्यांनी मात्र घाणेवाल्याला विचारावं की दाणे निवडलेले होते का. चांगला घाणेवाला दाणे दाखवतो.

आणि ही पेंड, म्हणजे ढेप, जाते गोठ्यात. शेंगदाण्याची, सरकीची, शिवाय बुरसट मक्याचा भरडा आणि तोंड नीट न झाकलेला मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. गाय-म्हैस ते खाते. तिचं यकृत खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकाराचं रूपांतर एम-१ या प्रकारात करतं, आणि ते एका दिवसाच्या आत दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचे साधारण एक-दोन टक्के, जास्त दूध देणाऱ्या जनावरात त्याहून अधिक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. दुधात पाणी मिसळलंय का यावर आपण घरोघरी बोलतो. याच्यावर बोलत नाही. दूध उकळल्याने एम-१ जात नाही, आणि ते दुधातल्या प्रथिनाला चिकटत असल्यामुळे पनीरमध्ये दुधापेक्षा दाट होतं.

यातली आशेची गोष्ट अशी, की बुरसट ढेप बंद केली की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होतं. जनावराच्या अंगात ते फार काळ साठून राहत नाही. म्हणजे गोठ्यातल्या माणसाच्या हातात लगेच करण्यासारखं काही आहे. ढेपीचं पोतं उघडल्यावर वास घ्यावा, हात घालून गरम लागतंय का बघावं, गठ्ठे फोडून आत जाळं आहे का पाहावं. पावसाळ्यात महिनाभराचा साठा करू नये. बुरसट पोतं दुकानदाराला परत करण्याची लाज बाळगू नये.

बाजार समितीत मक्याला ओलाव्याप्रमाणे भाव कापला जातो. आधारभूत किमतीच्या खरेदीत चौदा टक्क्यांची अट असते. कोरड्या मालाला त्याहून बरा भाव मिळताना मात्र मी फारसा पाहिला नाही. शेतकरी मग दोन दिवस जास्त का वाळवेल? वजनच घटतं त्याचं. प्रत्येक मोठ्या बाजार समितीत वाळवण यंत्र, नमुना घेणारा प्रशिक्षित माणूस आणि अर्ध्या तासात उत्तर देणारी तपासणीची पट्टी हवी, आणि कोरड्या, स्वच्छ मालाला उघडपणे दोन पैसे जास्त मिळायला हवेत. हे सगळं आज उपलब्ध असलेलं तंत्र आहे.

त्या दुपारची ती वाटी कोंबड्यांपुढे गेली नाही. गुरांपुढे नाही, उकिरड्यावरही नाही, कारण उकिरड्यावर कोंबड्याच असतात. मी तोंडाला रुमाल बांधला, कारण ती भुकटी श्वासातून जायला नको. परसात गुडघाभर खड्डा काढून वाटी त्यात पालथी केली आणि माती लोटली. माय दारात उभी राहून बघत होती. दाणे पुरायचे हे तिच्या जिवावर आलेलं दिसत होतं. यंदा शेंगा फोडायला बसलो तेव्हा तिसरा ढीग मला दिसलाच नाही. विचारलं तर तिने खड्ड्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, शेजारच्या काकूंचेही वाटीभर दाणे निघाले होते, तेही त्यातच टाकले.